नंबर तीनची जागा

मोहिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता डोंबिवलीच्या एका व्यायाममंडळात माझं ब्रीफिंग झालं. फौजेत ब्रीफिंग म्हणजे वरिष्ठ सांगतो आणि कनिष्ठ ऐकतो. इथेही तसंच झालं. फरक एवढाच की डोंगर मला माहीत होता आणि सांगत रावसाहेब होते.

रावसाहेब मंडळाचे अध्यक्ष. गोष्ट सन पन्नासची. ही पदवी देणारं सरकार बोटीत बसून निघून गेलं होतं, पदवी मात्र रावसाहेबांनी ठेवून घेतली होती. त्यांच्या टेबलावर मंडळाच्या चित्रकाराने रंगवलेला नकाशा पसरला होता. त्यात मलंगगडाच्या रांगेतला एक सपाट माथ्याचा डोंगर 'इटलीचा पर्वत' झाला होता. पायथ्याचं भाताचं खाचर 'शत्रूची छावणी' आणि पलीकडच्या उतारावरचं आंब्याचं झाड 'मुक्त प्रदेश'.

"हवालदार, ज्या मार्गाने तुम्ही शत्रूच्या कैदेतून निसटलात, त्याच मार्गाने उद्या आमचे सभासद चालणार," रावसाहेब म्हणाले.

"तो मार्ग इटलीत आहे, रावसाहेब."

"भावार्थाने."

भावार्थाने चालायला माझी हरकत नव्हती. मी एकच गोष्ट मागितली. बाहेरचा एक माणूस बरोबर येईल. बाळकुमचा, मिठागरावर काम करणारा, वय साठीच्या आसपास.

"सभासद आहे का?"

"नाही. त्याचा मुलगा त्या मार्गावर आमच्याबरोबर होता."

"मग मुलालाच बोलवा. दोन शब्द बोलेल."

"त्याच्याबद्दलच थोडा वाद आहे," मी म्हणालो. रावसाहेबांनी पुढे विचारलं नाही. त्यांना दुसरी काळजी होती. रविवार पितृपक्षात येत होता आणि पितृपक्षात उद्घाटन करायला चिटणिसांच्या आईचा विरोध होता. शेवटी कार्यक्रमाला उद्घाटन न म्हणता 'रंगीत तालीम' म्हणायचं ठरलं. खरं उद्घाटन दसऱ्याला. नारळ मात्र दोन्ही वेळा फुटणार होता.

हा वाद काय होता ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

बेचाळीसच्या जूनमध्ये आमची कंपनी आफ्रिकेच्या वाळवंटात पकडली गेली. मी सिग्नल्सचा हवालदार. वायरलेसचा सेट माझ्याकडे होता, त्यामुळे शेवटचा हुकूम मीच घेतला.

"होल्ड युअर पोझिशन. रिलीफ कमिंग. ओव्हर."

"विल्को. आउट," मी म्हणालो, म्हणजे हुकूम मान्य.

रिलीफ दीड वर्षाने आला, म्हणजे आम्हीच चालत जाऊन त्याला गाठलं. मधला काळ आम्ही इटलीत, आब्रुझ्झी नावाच्या डोंगराळ मुलखातल्या एका कॅम्पात काढला. त्रेचाळीसच्या सप्टेंबरमध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवली. एका सकाळी आम्ही उठलो तेव्हा टेहळणीच्या मनोऱ्यावर कोणी नव्हतं. जर्मन येण्याआधी तारेला भोक पाडून जो तो डोंगराकडे सुटला.

आम्ही तिघे एकत्र राहिलो. मी, लान्स नाईक इब्राहिम आणि शिपाई चांगो काथोड पाटील. मी ठाण्यातल्या नौपाड्याचा, इब्राहिम कल्याणचा आणि चांगो ठाण्याजवळच्या बाळकुमचा. घरी असताना आम्ही एकमेकांकडे बघितलंही नसतं. तिथे कल्याण आणि ठाणे म्हणजे एकच गाव वाटायचं.

एका धनगर कुटुंबाने आम्हाला मेंढ्यांच्या गोठ्यात दोन-तीन महिने लपवलं. म्हातारा दोमेनिको, त्याची बायको आणि बऱ्याच मेंढ्या. चांगो पहिल्या आठवड्यातच त्यांच्यातला झाला. भाषा येत नसताना तो दोमेनिकोच्या बायकोशी भांडायचासुद्धा. ती मेंढीच्या दुधाचं चीज करायची आणि त्याला मीठ चोळायची. ते मीठ बघून चांगो नाक मुरडायचा. "याला मीठ बोलतात?" असं तो आम्हाला म्हणायचा आणि तिला खुणेने दाखवायचा, आमचं मीठ एवढं, असं, खडा. ती हसायची आणि त्याला जास्तीचा तुकडा द्यायची. इब्राहिम म्हणायचा, "साहेब, हा इथे जावई होऊन राहणार बघा." ही थट्टा पुढे आम्हाला महागात पडली, ते येईलच.

बर्फ पडायला लागल्यावर जर्मन गस्ती वाढल्या. गोठा सोडणं भाग होतं. खिंडीपलीकडे, दक्षिणेला, आपली फौज होती. दोमेनिको आम्हाला खिंड ओलांडून द्यायला तयार झाला. निघण्यापूर्वी त्याने आपला पाय उचलून आपल्याच पाऊलखुणेवर ठेवून दाखवला. मग बोट आमच्याकडे. अर्थ स्पष्ट होता, मी जिथे पाय ठेवतो तिथेच ठेवा.

धुक्यात फाइल, म्हणजे एकामागची रांग, तुटू नये म्हणून मी नंबर द्यायची पद्धत लावली. दोमेनिकोला नंबर नव्हता, तो वाटाड्या. त्याच्यामागे मी, एक. इब्राहिम दोन. चांगो तीन. थोडं चाललं की मी हळू आवाजात "एक" म्हणायचो, मागून "दोन" यायचं, त्याच्यामागून "तीन". तीन ऐकू आलं की पुढे चालायचं.

सकाळी उजाडल्यावर आम्ही खिंडीखालच्या एका सपाट माथ्यावर पोचलो. चोहीकडे पांढरं. धुकं इतकं की मला दोमेनिकोची पाठ तेवढी दिसत होती. बर्फ मांडीपर्यंत मऊ होतं. एक. दोन. तीन. पुन्हा एक. दोन. तीन. तिसऱ्या वेळी "तीन" आलं, पण मागून नाही, डावीकडून.

मी वळून पाहिलं. धुकं क्षणभर फाटलं होतं. चांगो आमच्या पाऊलखुणा सोडून दहा-बारा हात डावीकडे, माथ्याच्या कडेने चालत होता. कडा जराशी उंच होती, गुळगुळीत. डोक्यावर घोंगडी, दोन्ही हात सोडलेले, चाल एकदम मोकळी. घरी निघालेला माणूस चालतो तशी. दोमेनिकोने त्याला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. त्याच वेळी कडा नाहीशी झाली. आवाज झाला नाही. कडा होती तिथे धुकं होतं आणि चांगो नव्हता.

दोमेनिको पोटावर सरपटत गेला, खाली पाहिलं, परत आला आणि त्याने छातीवर क्रूस काढला. मग त्याने मला तळहात दाखवला. हाताच्या पंजाखाली दुसरा पंजा, मध्ये पोकळी. त्या कडेखाली जमीन नव्हती. वाऱ्याने बाहेर लोटलेलं बर्फ होतं, छज्ज्यासारखं. आम्ही तिथे थांबून नंबर दिले. एक. दोन. पुष्कळ वेळ थांबलो. मग दोमेनिकोने मला बाही धरून ओढलं.

संध्याकाळी आम्ही आपल्या चौकीवर पोचलो. माझा रिपोर्ट घेणारा कॅप्टन सज्जन होता. मी पडताना पाहिलं, असं मी सांगितलं. मृतदेह पाहिलात का, त्याने विचारलं. नाही. त्याने 'मिसिंग' लिहिलं. नियमाप्रमाणे बरोबरच होतं.

शेहेचाळीसमध्ये डिस्चार्ज घेऊन मी नौपाड्यात आलो आणि दुसऱ्याच दिवशी बाळकुमला गेलो. चांगोचे वडील काथोडबाबा मिठागराच्या बांधावर उभे होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं.

"वाट सोडून त्यो काठाला कशाला गेला?"

"माहीत नाही, बाबा."

"त्या म्हाताऱ्यानं बोलला व्हता ना, पावलावर पाऊल ठेव म्हनून?"

"हो."

"माजा पोर आयकनारा व्हता. बांधावरनं डोक्यावर मिठाचा टोपला घेऊन आंधारान चालनारा पोर. त्यो काठावरनं पडल? तुमी धुक्यान बगलाव, साहेब. तुमाला नीट दिसला नाय. त्यो मागं फिरला आसल."

इब्राहिमचंही एक मत होतं, की चांगो लघवीला गेला असावा. ते मी म्हाताऱ्याला सांगितलं नाही. पुढे सरकारने 'मृत धरण्यात येत आहे' असं कळवलं. काथोडबाबा म्हणाले, "सरकार धरतंय. मी नाय धरत." आणि एकदा इब्राहिमने, बिचाऱ्याने म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून, गोठ्यातली जावयाची थट्टा त्यांना सांगितली. झालं. चांगो तिकडे मेंढ्या राखतोय, धनगरणीकडे राहिलाय, एक दिवस येईल, हे बाळकुमात पक्कं झालं. पितृपक्षात त्या घरी बाकी सगळ्या गेलेल्यांची पानं वाढली जायची. चांगोचं नाही.

दर वर्षी पाऊस सरता सरता इब्राहिम आणि मी मलंगच्या रांगेतल्या त्या सपाट डोंगरावर जायचो. इटलीची खिंड आम्हाला परवडणारी नव्हती. हा माथा बराचसा तसा होता. मी पुढे, इब्राहिम मागे. एक, दोन, आणि मग आम्ही तिसऱ्या नंबरपुरतं थांबायचो. मंडळाच्या कोणीतरी इब्राहिमच्या टांग्यात बसून ही हकीकत ऐकली आणि रावसाहेबांपर्यंत पोचवली. तिचा नकाशा असा झाला.

त्या वर्षी श्रावण संपताना यमुना आमच्या घरी आली. चांगोची बायको. लग्नानंतर वर्षभरात तो भरती झाला होता, तेव्हा ती सोळा-सतराची असेल. आता पंचविशीत. ती नौपाड्याच्या बाजारात भाजी विकायची. टोपली दाराबाहेर ठेवून ती उंबऱ्याशीच बसली. आमच्या सौभाग्यवतींनी आत बोलावलं, चहा दिला.

"भाऊ, आमच्या बाबाला परत एकदा सांगा."

"यमुनाबाई, मी दर वर्षी सांगतो. ते ऐकून घेतात आणि मलाच पाणी विचारतात."

"सांगून नाय आयकत, तं दाखवा."

"काय दाखवू?"

"डोंगर. तुमी नि ते टांगेवाले भाई जातंव ना दर साली, त्यो." ती बशीकडे बघत होती. "कोलशेतचा एक जन विचारतंय. बोटीवर हाय. बायको मेली त्याची. पाटाला तयार हाय. दिवालीपरयंत थांबल बोलला, मंग दुसरी बगल."

"आणि बाबा?"

"बाबा बोलतान, माजा पोर जिता आसताना तुजा पाट कसा लावू? वंगाल नाय त्यो मानूस. मला पोरीवानी ठेवलंय. पन भाऊ, त्यो जिता आसल तं मी थांबन. मेला आसल तं मला रडू द्या. यो मदलाच काय कामाचा नाय."

ती टोपली उचलून गेली. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमचं ते मंडळ लॉरी करतंय ना? म्हातारा तेवढा चालायचा वाचेल." अशा रीतीने काथोडबाबा मोहिमेत सामील झाले. मी त्यांना विचारलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले. "चला. बगू तरी, कंचा डोंगर मानूस गिलतं."

रविवारी सकाळी सातला लॉरी डोंबिवलीहून सुटली. वीस-पंचवीस सभासद, एक बिगुल, आणि मांजरपाटाच्या कापडाचा लांबलचक फलक, त्यावर तांबड्या अक्षरांत 'सुटका-मार्ग पदभ्रमण'. पायथ्याशी रावसाहेबांनी नारळ फोडला आणि भाषण केलं. त्यांच्या गुडघ्यांमुळे ते स्वतः चढणार नव्हते. ते गावातून वळसा घालून 'मुक्त प्रदेशा'त जाणार होते आणि तिथे आमचं स्वागत करणार होते. वाटेवर पहिल्याच वळणाला झाडाला पाटी होती, 'सावधान! शत्रूची चौकी'.

इब्राहिम ती वाचून म्हणाला, "साहेब, तिकडेपण अशा पाट्या लावल्या असत्या तर आपला केवढा त्रास वाचला असता."

काथोडबाबांनी विचारलं, "काय लिवलंय?"

"इथे दुश्मन राहतो, लिहिलंय."

"मंग कय हाय त्यो? दिसत नाय."

"रविवारची सुट्टी असेल, बाबा."

म्हातारा हसला. चढायला तो काटक होता. गुडघ्यापर्यंत धोतर, पायात काही नाही, डोक्याला मुंडासं. मी पुढे, इब्राहिम दोन. काथोडबाबा इब्राहिमच्या मागे येऊन उभे राहिले.

"ही जागा पोराची ना?"

"हो. नंबर तीन."

"त्यो येयपरयंत मी धरतू."

मी हरकत घेतली नाही. मंडळाचे सभासद त्यांच्यामागे. नंबर देत आम्ही चढलो. माझा एक, इब्राहिमचा दोन, आणि मग म्हाताऱ्याचा खणखणीत "तीन". इतकी वर्षं त्या आकड्यापाशी शांतता ऐकायची सवय झालेली. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा इब्राहिमने माझ्याकडे पाहिलं आणि मी वाटेकडे.

साडेनऊच्या सुमाराला आम्ही माथ्यावर आलो. पावसाचे शेवटचे दिवस. माथा हिरवागार, सपाट, गवत कमरेएवढं. मधून गुरांची वाट, तिच्यात घोट्यापर्यंत चिखल आणि पाणी. निम्म्या वाटेत गेलो असू, तेवढ्यात दरीतून ढग वर आला आणि माथ्यावर बसला. मी हात वर केला.

"हॉल्ट. सिंगल फाइल. पुढच्या माणसाच्या पावलावर पाऊल. कोणी बाजूला जाणार नाही. बिगुलवाले, तुम्हीसुद्धा."

सगळे गप्प झाले. ढगात शिरल्यावर माणसं आपोआप गप्प होतात. चिखल उपसत आम्ही चालू लागलो. थोडं गेल्यावर मी नंबर दिला.

"एक."

"दोन."

जरा वेळ काही नाही. मग आलं, "तीन."

डावीकडून.

मी वळलो नाही. आधी उभा राहिलो, मग वळलो. काथोडबाबा आमच्यापासून आठ-दहा हातांवर माथ्याच्या कडेने चालत होते. कडा जराशी उंच, वर दाट आखूड गवत, चिखलाचा टिपूस नाही. हात सोडलेले, चाल मोकळी. ही चाल मी पूर्वी पाहिली होती.

"काथोडबाबा," मी बोलताना आवाज चढवला नाही. "आहात तिथे थांबा. पाय हलवू नका. हळूच खाली बसा."

"का वो?"

"हुकूम आहे. बसा."

ते बसले. त्यांच्याबरोबर गवतही बसलं. हातभर खाली गेलं आणि थांबलं. पावसाने कडेखालची माती धुऊन नेली होती. वर उरलं होतं ते मुळांनी धरलेलं गवताचं जाजम.

"इब्राहिम, पोटावर हो. तुझे घोटे मी धरतो. मागचे, मला धरा."

"दोरी?" इब्राहिमने विचारलं.

दोरी नव्हती. पाट्या आणल्या होत्या, बिगुल आणला होता, दोरी कोणी आणली नव्हती. मग मला फलक दिसला.

"फलक आणा. काठ्या काढून टाका. पिळा त्याला."

दोन सभासदांनी मांजरपाट पिळला. इब्राहिम सरपटत पुढे गेला आणि त्याने पीळ म्हाताऱ्याच्या मांडीवर फेकला.

"बाबा, काखेतून घ्या. गाठ मारा. बैलाला मारता तशी."

"बैल नाय आमचे घरी."

"मग होडीला मारता तशी मारा."

म्हाताऱ्याने गाठ मारली. सावकाश, नीट, पुन्हा ओढून बघून. मग मी म्हणालो, "आडवे व्हा." आणि आम्ही ओढलं. ते पोटावर घसरत आमच्याकडे आले. ते बसले होते तो गवताचा तुकडा त्यानंतर गेला. सगळ्यांनी कान दिले. खालून काही आवाज आला नाही.

काथोडबाबा चिखलात बसून राहिले. कोणीतरी पाण्याचा फिरकीचा तांब्या पुढे केला. त्यांनी घेतला नाही. ते जिथून तुकडा गेला तिकडे बघत होते. तिथे आता गवताच्या कडेखालून ढग दिसत होता.

"खाली काय नाय," ते म्हणाले.

"नाही."

"मी तिकडं कशाला गेलू?"

"मलाही तेच विचारायचं होतं, बाबा. तुम्ही माझा हुकूम ऐकलात. मग का गेलात?"

त्यांनी मधल्या वाटेकडे पाहिलं, मग कडेकडे. पुन्हा वाटेकडे. बोलायला लागले ते माझ्याशी नाही, असं मला वाटलं.

"मनान नाय आला काय. पाय गेले. मिठागरान मदी कोन पाय नाय टाकत. मदी मीठ आसतं, पाय टाकला का मलतं. चालाचा बांधावरनं. बांध उंच, सुका. ल्हानपनी मदी पाय टाकला तं बापानं मारला मला." ते थांबले. "मी चांगोला मारला. सा-सात वरसांचा आसल. येकदाच मारला. परत कवा मदी गेला नाय त्यो."

ढग पातळ होत होता.

"साहेब, तिकडं सगला पांढरा व्हता?"

"सगळं पांढरं, बाबा. सपाट."

"मिठासारका?"

"मिठासारखंच."

"आनि काठ उंच?"

"थोडा उंच. गुळगुळीत."

"तं मंग," काथोडबाबा म्हणाले.

इब्राहिमने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा, तो आरामात चालत होता. मी नाही बघितलं, साहेबांनी बघितलं. विचारा त्यांना."

"घरी निघाल्यासारखा चालत होता," मी म्हणालो. हे मी त्यांना पूर्वीही सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी ते चांगो जिवंत असल्याचा पुरावा म्हणून घेतलं होतं. या वेळी त्यांनी नुसती मान हलवली.

"वाजला काय?"

"नाही. काहीच आवाज आला नाही."

ते उठले, मुंडासं सोडून चिखल पुसला आणि पुन्हा बांधलं. मी फाइल लावली. ढग वर गेला होता, उतरण समोर दिसत होती. निघताना मी नंबर दिला.

"एक."

"दोन."

मग काही नाही. मी मागे पाहिलं. इब्राहिमच्या मागे एका माणसाची जागा सुटलेली होती. काथोडबाबा तिच्या मागे उभे होते. ते माझ्याकडे बघत होते आणि थांबले होते, जितकं आम्ही दर वर्षी थांबायचो तितकंच.

"चार," ते म्हणाले.

मागच्या सगळ्या सभासदांना एकेक आकडा पुढे सरकावा लागला. "पाच", "सहा", असं शेवटपर्यंत गेलं. कोणी चुकलं नाही, कोणी विचारलंही नाही. उतरताना ती जागा मोकळी ठेवूनच सगळे उतरले. अवघड टप्प्यावर फाइल जवळ यायची, तरी ती जागा राहायची.

आंब्याखाली रावसाहेब हार घेऊन उभे होते. फलक दोन जणांनी पिळलेलाच आणला होता. त्यावरची तांबडी अक्षरं चिखलात आणि म्हाताऱ्याच्या बंडीत विरघळली होती.

"फलकाचं हे काय झालं?" रावसाहेबांनी विचारलं.

"शत्रूच्या हाती लागू दिला नाही, साहेब," इब्राहिम म्हणाला.

रावसाहेबांनी भाषण केलं. एकही मनुष्य न गमावता पथक मुक्त प्रदेशात पोचलं, याबद्दल त्यांनी आमचं अभिनंदन केलं. मी काथोडबाबांकडे पाहिलं. ते झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसले होते आणि कोणीतरी घातलेला हार त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता. परत येताना लॉरीत ते एकदाच बोलले. "साहेब, तुमच्या पंचांगान चौदस कवा?"

पितृपक्षातली चौदस शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची. मी वार सांगितला.

दिवाळीनंतर यमुनेचा पाट लागला. काथोडबाबा स्वतः तिला कोलशेतला पोचवायला गेले. पुढे ते दर वर्षी आमच्याबरोबर डोंगरावर आले, पाय चालत होते तोपर्यंत, आणि दर वर्षी त्यांनी चार हाच नंबर दिला. दोरी आम्ही नेऊ लागलो. मंडळाचं दसऱ्याचं उद्घाटन झालं की नाही, मला आठवत नाही.

त्या वर्षीच्या चौदशीला मात्र मी आणि इब्राहिम बाळकुमला गेलो होतो. दुपारी बाराची वेळ. यमुनेने खीर, वडे, भाजी असं सगळं केलं होतं. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती ते लपवत नव्हती. काथोडबाबांनी केळीचं पान पुसलं आणि सगळ्यांत आधी त्यावर मीठ वाढलं. त्यांच्या आगरातलं, खडा. त्यांनी ते चिमटीने चेपून बघितलं आणि मग बाकीचं वाढायला सांगितलं.

यमुना भरलेलं पान घेऊन बाहेर गेली. अंगणाच्या टोकाला, खाडीच्या बाजूला, रचलेला उंच दगडी काठ होता. घरातल्या गेलेल्यांची पानं नेहमी त्यावरच ठेवायची. ती तिकडे वळली.

"काठावर नको गं," काथोडबाबा म्हणाले. "मदी ठेव."

तिने पान अंगणाच्या मधोमध ठेवलं. आम्ही चौघे बाजूला उभे राहिलो.